मनीषाची सही

सिल्वासा,
वसुबारस

चि. सागर,

काल वहिनींशी फोनवर बोलणं झालं. भाऊबीजेला मनीषा येईल, तेव्हाच सुट्ट्या संपल्या की तिला अमळनेरला नेऊन शेतातल्या तिच्या वाट्याचं हक्कसोडपत्र नोंदवून घ्यायचं तुझ्या मनात आहे, असं कळलं. सागर, असं करू नकोस.

औक्षण झालं, ओवाळणी ताटात पडली, की पुढ्यात आलेल्या कागदाला कोणती बहीण नाही म्हणेल? माहेर तुटेल ही धास्ती लग्न झालेल्या प्रत्येकीच्या पोटात असते. वडील गेले की ती वाढते. भावाने बोलणं टाकलं तर दिवाळीला जायचं कुठे? त्या धास्तीपोटी केलेल्या सहीला गाव मनाचा मोठेपणा म्हणतं, मला ते कधीच पटलं नाही. आणि एकदा नोंदणी झाली की मागे फिरणं फार अवघड.

हा हक्क मिळायला किती वर्षं लागली बघ. महाराष्ट्राने १९९४ साली वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका वाटा दिला, पण आधी लग्न झालेल्या मुली वगळल्या. मी त्यांतलीच. ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राच्या कायद्याने ती अट गेली. २०२० साली विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की मुलीचा हा हक्क जन्माचा आहे. तुझ्या आजोबांनी आमची वाटणी २००१ सालीच रीतसर नोंदवली होती, तेव्हा माझं त्या जमिनीत काही अडकलेलं नाही. हे मी मनीषासाठी लिहिते आहे.

इथे माझ्या शेजारी वारली आणि कोकणा कुटुंबं राहतात. मनीषाला वाटा देणारा हा हिंदू वारसा कायदा त्यांच्यासारख्या अनुसूचित जमातींना सरसकट लागू नाही, त्याच्या दुसऱ्या कलमातच तसं आहे. या कुटुंबांतल्या बायका शेतात राबतात आणि वाट्यासाठी त्यांना कोर्टाकडे बघावं लागतं. मनीषाला कायद्याने जे दिलंय, ते भावानेच सणाच्या निमित्ताने काढून घ्यावं?

२०१७ साली दमणच्या प्रशासनाने हुकूम काढला होता, की राखीपौर्णिमेला कार्यालयातल्या सगळ्या महिलांनी सहकाऱ्यांना राख्या बांधाव्यात. (२०२० पासून दमण आणि आम्ही एकाच प्रशासनाखाली आहोत.) लोक इतके संतापले, की तो लगेच मागे घ्यावा लागला. सरकारी हुकमाने राखी नको, हे सगळ्यांना कळलं. घरातला दबाव मात्र कुणाला हुकूम वाटत नाही.

तुझी बाजूही मला दिसते. शेत तू कसतोस, विहिरीचं कर्ज तू फेडतोस, वहिनींचं दुखणंखुपणं तू काढतोस. हे सगळं तिच्यासमोर आकड्यांनिशी मांड. ती समजूतदार आहे. पण आधी वारस नोंदीच्या अर्जात वहिनींचं, तुझं आणि तिचं, अशी तिन्ही नावं घाल आणि फेरफार होऊन सातबारा हाती येऊ दे. तिला शेत नको असेल, तर ते तिने स्वतःच्या वकिलाला विचारून, सासरी बसून, सणवार नसलेल्या दिवशी ठरवावं. तुला हवं असेल तर तिच्या वाट्याचे पैसे हप्त्याहप्त्याने दे. जावईबापूंशी परस्पर बोलू नकोस, तिच्याशीच बोल.

मी पाडव्याच्या रात्री वापीहून निघते, सुरतेला गाडी बदलून दुसऱ्या दिवशी पोचेन. तोवर हक्कसोडपत्राचे कागद वकिलाकडून परत आणून ठेव.

तुझी,
आत्या