वर्गातील मोबाइल आणि शिक्षकाची अमानत





नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात नांदेड, लातूर, परभणी व हिंगोली हे चार जिल्हे येतात. येथील अध्यापक महाविद्यालयांतून बी.एड. करणाऱ्यांत आपल्या घरांतील मुले-मुलीही आहेत. हा अभ्यासक्रम २०१५ पासून दोन वर्षांचा झाला. त्यातील बराच काळ प्रत्यक्ष शाळेत शिकवण्यात जातो. असा भावी शिक्षक वर्गात शिरतो तेव्हा त्याच्या एका हातात खडू आणि खिशात मोबाइल असतो. खडू कसा धरावा हे त्याला शिकवले जाते; मोबाइल केव्हा काढावा व केव्हा काढू नये, हे मात्र त्याला स्वतःच ठरवावे लागते. आजचा पाठ त्याच्यासाठी आणि त्याच्या पालकांसाठी आहे.

प्रत्येक मनुष्य आपल्या अधीन असलेल्यांचा राखणदार असून त्यांच्याविषयी त्याला विचारणा होणार आहे, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण सहीह बुखारी व सहीह मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आली आहे. अमानत ज्याची त्याला पोहोचती करण्याचा आदेश सूरह अन्‌-निसामध्ये (४:५८) आहे. वर्गात बसलेले मूल शिक्षकाकडे तीन अमानती सोपवते : आपले लक्ष, आपला विश्वास आणि आपली अब्रू.

साधन वर्ज्य नाही

पहिल्याच ईशवाणीत, सूरह अल-अलकमध्ये, लेखणीद्वारे ज्ञान दिल्याचा उल्लेख आहे. लेखणी हेही एक साधनच होय. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले. त्यामुळे खेड्यातील मुलाला पुस्तकातील कविता ऐकता आली, पाठाची चित्रफीत पाहता आली. २०२० मध्ये त्यांना ‘ग्लोबल टीचर प्राइज’ मिळाले. दहा लाख डॉलरच्या या पुरस्काराची निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून देण्याचे जाहीर केले. आज बालभारतीच्या पुस्तकांवर असे कोड सर्रास दिसतात. येथे आधी मुलाची गरज दिसली आणि मग साधन आले, हे भावी शिक्षकाने ध्यानात ठेवावे.

लक्ष

युनेस्कोच्या २०२३ च्या जागतिक शिक्षण अहवालाचा विषय तंत्रज्ञान हाच होता. शिकण्यास मदत होत असेल तेव्हाच ते वापरावे, त्याने शिक्षकाची जागा घेऊ नये, असे त्यात सुचवले आहे. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ पासून वेगळा मार्ग धरला : सायंकाळी सात वाजता भोंगा वाजतो आणि दीड तास घराघरांतील टीव्ही व मोबाइल बंद राहतात. तेथे मुलांबरोबर मोठ्यांनाही मोबाइल ठेवावा लागतो, हे महत्त्वाचे. स्वतःचा मोबाइल तासाला चाळणाऱ्या शिक्षकाचा उपदेश मुलांच्या कानी पडतो, मनात उतरत नाही.

विश्वास

मूल शिक्षकाचा शब्द खरा मानते. एखाद्याने आणलेल्या बातमीची शहानिशा करा (४९:६), ज्याचे ज्ञान नाही त्याच्या मागे लागू नका (१७:३६), असे कुरआन बजावतो. हदीसवेत्त्यांनी प्रत्येक कथनामागे ‘हे कोणाकडून ऐकले?’ हा प्रश्न उभा केला आणि त्यातून सनदीची परंपरा घडली. आपल्या मराठवाड्यातही पैठणच्या संत एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीच्या प्रतींतील अशुद्धे दूर करून शुद्ध प्रत सिद्ध केली. कृत्रिम बुद्धिमत्तेने क्षणात दिलेले उत्तर अनेकदा सनदीविना येते, शिवाय ते चुकीचे असतानाही ठामपणे मांडलेले असू शकते. ते पाठ्यपुस्तकाशी व मूळ ग्रंथाशी ताडून मगच फळ्यावर लिहावे, आणि मुलांनाही ‘हे कोठून कळले?’ असे विचारण्याची सवय लावावी.

अब्रू

येथे मला माझीच चूक सांगितली पाहिजे. आमच्या मकतबात एक मुलगा सबक वाचताना अडखळत असे. पुढे होणारी प्रगती दाखवता यावी म्हणून मी त्याच्या वाचनाची चित्रफीत काढली आणि पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकली. हेतू चांगला होता, परवानगी मात्र कोणाचीच घेतली नव्हती. कोणीतरी ती पुढे पाठवली. दोनच दिवसांत गल्लीतील मुले त्याच्या अडखळण्याची नक्कल करू लागली आणि त्याने मकतबात येणे सोडले. मी त्याच्या घरी जाऊन वडिलांची माफी मागितली, त्याचीही मागितली. तो दाराआडून बाहेर आला नाही. माझ्या मोबाइलमधील चित्रफीत मी पुसली. इतरांच्या मोबाइलमधील पुसणे माझ्या हाती नव्हते.

परवानगीवाचून कोणाच्या घरात शिरू नये, हा आदेश (२४:२७) मी कितीदा शिकवला होता! मुलाचा चेहरा, त्याचा आवाज, त्याची चूक हेही त्याचे घरच आहे, हे मला तेव्हा उमगले. देशाच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानेही अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीचे तत्त्व घालून दिले आहे. श्रद्धावंताने मात्र कायद्याच्या धाकाची वाट पाहू नये.

म्हणून, भावी शिक्षकहो, पाठटाचणाच्या वहीत प्रत्येक पाठापुढे तीन प्रश्न लिहा : या साधनाने मुलाचे लक्ष पाठाकडे येईल की पाठावरून उडेल? यातील माहिती मी स्वतः पडताळली आहे काय? यात कोणा मुलाची अब्रू तर उघडी पडत नाही ना? एकाही उत्तराबाबत शंका वाटली तर मोबाइल खिशातच राहू द्या. खडू पुरेसा आहे.

तो मुलगा तीन आठवड्यांनी परत आला. आता तो माझ्याजवळ बसून वाचतो, आणि त्या वेळी माझा मोबाइल कपाटात असतो.

अल्लाह आपणा सर्वांना सोपवलेल्या अमानती सांभाळण्याची तौफीक देवो. आमीन.