बेटावर आजारी पडण्याआधी

लक्षद्वीपची बेटं 36, त्यांतली वस्तीची 10. विमानतळ एकच, अगत्तीला. कवरत्तीला इंदिरा गांधी रुग्णालय आहे. इतर बेटांवर लहान रुग्णालयं नि आरोग्य केंद्रं. त्यापलीकडचे उपचार हवे असतील तर सुमारे चारशे किलोमीटर समुद्र ओलांडून कोची गाठायचं. सहलीच्या पत्रकात निळंशार पाणी असतं, हे अंतर नसतं.

मिरजेत शिकलेला आणि अशाच एका बेटावर काही काळ नोकरी केलेला एक डॉक्टर लक्षद्वीपला निघालेल्या प्रत्येक ओळखीच्याला आधी हे ऐकवतो. त्याला कारण साठी ओलांडलेले एक मराठी पर्यटक. दुपारपासून छातीत दुखत होतं, पण आले ते दिवस मावळताना. ईसीजीची पट्टी ट्यूबलाइटखाली धरून डॉक्टरने विचारलं, “जुना ईसीजी आहे?” फाइल पुण्याला, कपाटात. पट्टीवरचा बदल आजचा की मागच्या झटक्याचा, हे कळायला मार्ग नव्हता. रक्त पातळ करणारी गोळी ‘ती छोटी, गुलाबी’ एवढीच आठवत होती, आणि गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देण्याआधी नेमकं तेच माहीत हवं होतं. मुलाने फाइलचे फोटो पाठवले. ते उघडता उघडेनात. अंधारामुळे हेलिकॉप्टर सकाळीच येणार होतं. रुग्ण बचावला, पण सगळ्यांची रात्र मॉनिटरकडे बघण्यात गेली.

“माझ्याकडे औषध होतं, माणसं होती. माहिती तेवढी नव्हती,” डॉक्टर म्हणतो.

म्हणून त्याचा आग्रह असा: शेवटचा ईसीजी आणि औषधांची यादी कागदावर छापून जवळ ठेवा. यादीत ब्रँडबरोबर औषधाचं मूळ नावही असू द्या, म्हणजे तुमचा ब्रँड नसला तरी पर्याय देता येतो. गोळ्या मुक्कामापेक्षा आठवडाभर जास्तीच्या घ्या आणि हातातल्या पिशवीत ठेवा. विमा काढताना हवाई मार्गाने हलवण्याचा खर्च त्यात आहे का, ते वाचून घ्या. स्कूबा डायव्हिंग केलं असेल, तर परतीच्या विमानाआधी पूर्ण दिवस मोकळा सोडा.

पावसाळ्यात समुद्र खवळतो, जहाजांच्या फेऱ्या कमी होतात. एरवीही बऱ्याच बेटांवर मोठं जहाज धक्क्याला लागत नाही. रुग्णाला होडीतून न्यावं लागतं. बेटावरच्या लोकांना हे ठाऊक असतं. बाळंतपण अवघड दिसलं, की ते वेळेआधीच कोचीला जातात.

पाहुण्यांनीही तेवढी घाई करावी. छातीत दुखू लागलं, तर ‘ॲसिडिटी असेल’ म्हणत संध्याकाळ करू नका. उजेड असतानाच रुग्णालय गाठा.