नाताळाचा बाजार आणि बरोबरचीं लेंकरें

(शब्बाथशाळेचा पाठ. शास्त्रभाग : १ शमुवेल २:१८-१९, लूक २:४१-५२, अनुवाद १६:९-१७.)

ख्रिस्तजन्माचा सण जवळ आला म्हणजे खेड्यापाड्यांतील पुष्कळ कुटुंबें एक दिवस काढून लेंकरांसह तालुक्याच्या बाजारास जातात. कपडे, करंज्यांस रवा व खोबरें, घरावर लावावयास कागदाची चांदणी, इतकें आणावयाचें असतें. ह्या दिवसाविषयीं शास्त्रांत कांहीं सांपडतें काय, तें आज पाहूं.

कपड्यांपासून आरंभ करूं. हन्नेनें आपला शमुवेल शिलो येथें प्रभूच्या सेवेस दिला, आणि प्रतिवर्षीं यज्ञास जातांना ती त्याच्यासाठीं एक लहानसा झगा शिवून नेई. मुलगा तर वर्षांतून एकदांच दृष्टीस पडणार. मग माप कसें घेतलें असेल? आमच्या आयाबहिणी सहज सांगतील : वाढत्या अंगाचें! एकच झगा, पण हातचा. उधारीवर तीन-तीन जोड घेऊन पुढें पाडव्यापर्यंत फेडीत बसणाऱ्यांनीं हें वचन पुनः वाचावें.

आतां लूकाकडे वळूं. नासरेथाहून यरुशलेम शंभराहून अधिक किलोमीटर, पायीं कित्येक दिवसांची वाट. नियमशास्त्राची आज्ञा पुरुषांस होती, तरी मरीयाही योसेफाबरोबर वल्हांडणास जात असे. येशू बारा वर्षांचा असतां तोही गेला. परततांना तो सोबत्यांत असेल असें समजून आईबाप एक दिवसाची मजल चालून गेले. त्यांचें प्रेम उणें होतें असें नाहीं. गर्दींत प्रत्येकास वाटतें कीं लेंकरूं दुसऱ्याजवळ आहे.

मागें एका नाताळापूर्वीं आम्हांवरही हाच प्रसंग आला. थोरला सात वर्षांचा, धाकटी पांच वर्षांची. थोरल्याच्या सदऱ्याचा भाव करण्यांत मी गुंतलों होतों. मला वाटलें, पोरगी आईचा पदर धरून आहे. आईस वाटलें, मीं तिचें बोट धरिलें आहे. सदरा बांधून घेतला आणि पाहतों तों पोरगी नाहीं! मिठाईचीं दुकानें, चांदण्यांची ओळ, एस. टी.चा तळ, सर्व धुंडाळलें. तिच्या आईची चप्पल वाटेंत तुटली, तें तिला कळलेंही नाहीं. अखेर कासाराच्या पालाजवळ पोरगी दिसली. मीं हात उगारला, तोंच कासारीण म्हणाली, "दादा, मारूं नगा. लेकरू कवाचं इचारतंय, दोघींच्या बांगड्या घेतल्या तर कमी करशील का म्हणून."

दुसरी म्हणजे आमच्या शेजारची, आईबाप नसलेली, आजीजवळ राहणारी पोर.

येशू मंदिरांत गुरुजनांमध्यें बसून ऐकत व प्रश्न विचारीत असतां सांपडला. तुलना फार ताणूं नये. परंतु मरीया तीन दिवसांच्या शोधानें कष्टी झाली असतांही तिनें प्रथम विचारिलें; मीं प्रथम हात उगारला. ही आम्हां बापांची खोड आहे.

आतां अनुवादाचा १६ वा अध्याय उघडा. सप्तकांच्या सणास व मांडवांच्या सणास कोणीं कोणीं आनंद करावा, ह्याची यादी तेथें दोनदां दिली आहे : तूं, तुझा पुत्र, तुझी कन्या, दास, दासी, लेवी, परदेशी, अनाथ आणि विधवा. पुत्र व कन्या यांवर यादी थांबत नाहीं. मीं हा अध्याय मंडळींत अनेकदां वाचून दाखविला होता. तरी आमच्या बाजाराच्या यादींत शेजारचें घर नव्हतें.

उपदेशक बंधूंनीं हा पाठ नाताळापूर्वीं दोन आठवडे तरी घ्यावा, म्हणजे बाजार व्हावयाचा असेल. मुलांसच विचारावें कीं तुमच्या आळींतून कोणास कोणी नेणार नाहीं. त्यांस नांवें ठाऊक असतात. निघण्यापूर्वीं प्रत्येक लहानग्याच्या खिशांत बापाचें नांव व मोबाईलचा नंबर लिहिलेली चिठ्ठी घालावी, आणि चुकामूक झाल्यास कोठें उभें राहावयाचें तें ठिकाण त्यांस दाखवून ठेवावें.

पुढील वर्षीं आम्ही सहा जण एस. टी.त बसलों. आजीनें खिडकीची जागा मागितली, आणि दोघी पोरी तिच्या मांडीवर.