फाटक्या आवाजाचे शास्त्र

(द्वितीय वर्ष, कला)

इलेक्ट्रिक गिटार म्हणजे गोंगाट, असा समज आपल्याकडे बहुतेक घरांतून, आणि रागावू नये तर म्हणतो, प्राध्यापकांच्या खोलीतूनही रूढ आहे. त्यातही हेवी मेटल या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संगीताविषयी तर बोलावयासच नको. हे संगीत इंग्लंड-अमेरिकेत जन्मले. मुंबईत १९८६ साली इंडिपेन्डन्स रॉक हा महोत्सव सुरू झाला. पुढे २००० साली मुंबईतच डेमॉनिक रेझरेक्शन हा वाद्यवृंद उभा राहिला, आणि आपल्याकडेही या संगीताचा लहानसा पण निष्ठावंत श्रोतृवर्ग तयार झाला. ते सर्वांना आवडावे असा माझा मुळीच आग्रह नाही. मात्र या गोंगाटामागे बेफिकिरी असते असे जे सर्रास म्हटले जाते, ते तपासून पाहावयास हवे. त्यासाठी मी एक अगदी लहान वस्तू निवडली आहे. पायाने दाबून चालू-बंद करावयाची, मुठीत धरता येईल एवढी पत्र्याची पेटी. तिला ओव्हरड्राइव्ह पेडल म्हणतात.

या पेडलाविषयी एक कोडे आहे. मेटल वाजविणाऱ्याचा व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर मुळातच आवाज फाडण्यासाठी बनविलेला असतो. मार्शल कंपनीचा १०० वॅटचा २२०३ हा नमुना १९७५ साली आला आणि १९८१ पासून जेसीएम ८०० या मालिकेत मोडू लागला. पुढे १९९० च्या दशकाच्या आरंभी पीव्ही कंपनीचा ५१५० आणि मेसा बूगीचा ड्युअल रेक्टिफायर असे त्याहूनही आडदांड गडी मैदानात उतरले. या दोघांत फाडण्याची ताकद हवी त्याहून अधिकच आहे. आता ओव्हरड्राइव्ह पेडल हेही आवाज फाडण्यासाठीच निघालेले. मग ज्याच्या परसात विहीर आहे त्याने अंगणात आड कशाला खणावा? बरे, पेडल जोडून वादक करतो काय, तर त्यावरील 'ड्राइव्ह' हे बटण, म्हणजे नेमके फाडण्याचे बटण, शून्यावर नेऊन ठेवतो आणि 'लेव्हल' हे बटण पुरते उघडतो. खर्च करून आणलेल्या वस्तूचे मुख्य कामच बंद करून ठेवावयाचे, हा काय प्रकार आहे?

आवाज फाटणे म्हणजे काय, हे आपल्याला इंग्रजी पुस्तकांतून शिकावे लागत नाही. माझे वडील लग्नसराईत व गणपतीत मंडप आणि लाउडस्पीकर भाड्याने देतात. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिला. पण "आवाज फाटतोय, बारीक कर" हे वाक्य मी बाराखडीच्या आधी ऐकले आहे. त्यांच्या धंद्यात आवाज फाटला म्हणजे गिऱ्हाईक तुटले. गिटारवाले त्याच आवाजासाठी पैसे मोजतात, हे त्यांना सांगितले तेव्हा ते बराच वेळ हसत होते.

कारण मात्र दोन्हीकडे एकच. अ‍ॅम्प्लिफायरच्या शक्तीला एक छत असते. आत आलेला विजेचा तरंग त्या छतापर्यंत वाढतो. त्याहून मोठा होऊ पाहील तर त्याचे डोके छताला टेकते आणि माथा सपाट होतो. माथा सपाट झाला की स्वरात मूळच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट कंपनांचे उपस्वर वाढतात. आवाज भरदार, कडक आणि लांबट होतो. मिरजेच्या तंबोऱ्यात घोडीवर तारेखाली सुताचा दोरा सारून जवारी लावतात, तेव्हा जो झणकार उठतो त्यातही उपस्वरच फुललेले असतात. तेथे तार घोडीला हलके स्पर्शून बोलते आणि येथे तरंगाचा माथा कापला जातो, त्यामुळे दोन्ही गोष्टी एक मानता येणार नाहीत. पण एका तारेतून अनेक स्वर ऐकू यावेत ही कानाची भूक दोन्हीकडे सारखीच दिसते.

एकटा स्वर फाटला तर निघणारे उपस्वर त्याच्याच कुळातले असतात. दोन स्वर एकदम फाटले की मात्र संसार वाढतो, कारण दोहोंच्या कंपनसंख्यांची बेरीज आणि वजाबाकी करून नवेच स्वर उत्पन्न होतात. गिटारची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ८२ कंपने करते. तिला षड्ज मानले तर तिचा पंचम सुमारे १२३ कंपनांचा. वजाबाकी ४१, म्हणजे नेमका खालच्या सप्तकातला षड्ज! मेटलचे वादक सा-प हीच जोडी का धरून बसतात, याचे उत्तर येथे आहे. तिला ते पॉवर कॉर्ड म्हणतात. ही जोडी कितीही फाटली तरी घराण्याबाहेर जात नाही. तिच्यात गांधार मिसळला की गिटारवरचा गांधार नैसर्गिक गांधारापेक्षा किंचित चढा असल्यामुळे उपस्वर एकमेकांवर आदळू लागतात आणि कालवाकालव होते. आपल्या तंबोऱ्यालाही सा-प चीच जोडी सोसते, हे येथे आठवल्याशिवाय राहत नाही.

आता खरी अडचण. जाड तारेचा तरंग सर्वांत मोठा असतो, म्हणून छताला प्रथम तोच टेकतो. बारीक, उंच स्वर त्या मोठ्या तरंगाच्या पाठीवर बसून आलेले असतात. मोठा तरंग छताला चिकटून राहिला की पाठीवरचे स्वारही चिरडले जातात. शिवाय व्हॉल्व्हची स्वतःची एक खोड आहे. मर्यादेबाहेर जोराचा तरंग आला की व्हॉल्व्हची ग्रिड विद्युत्प्रवाह ओढू लागते, तिच्या आधी बसविलेला कपॅसिटर नको तेवढा भारित होतो, आणि तो भार उतरेपर्यंत व्हॉल्व्ह क्षणभर मुका होतो. मेटलमध्ये उजव्या तळव्याची कड घोडीजवळ तारांवर टेकवून तुटक, ठोक्याचे आघात करतात. तेथे असा क्षणभराचा मुकेपणा म्हणजे सगळ्या ठेक्याचे वाटोळे. आघात ढोलकीच्या थापेसारखा सुटावा, तर तो ओल्या पोत्यावर काठी मारल्यासारखा येतो.

यावर कोणीही म्हणेल की, मग अ‍ॅम्प्लिफायरवरचे खर्जाचे बटण कमी करावे, पेडल कशाला? या प्रश्नातच सगळ्या विषयाचे मर्म आहे. मार्शलच्या धर्तीच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये खर्ज, मध्य व तार यांची बटणे आवाज फाटून झाल्यानंतरच्या जागी बसविलेली असतात. तोवर खर्जाने जी खराबी करावयाची ती करून ठेवलेली असते आणि तिचे अवशेष मध्य स्वरांत पसरलेले असतात. धान्यातले खडे दळणाआधी निवडावे लागतात. एकदा जात्यातून गेले की खडा असा उरतच नाही, सगळ्या पिठातच कचकच उतरते. मग चाळण कितीही बारीक घ्या. पेडल हे दळणाआधीचे सूप आहे.

ते पाखडते कसे, हे पाहण्याजोगे आहे. सर्वांत प्रसिद्ध ओव्हरड्राइव्ह पेडल म्हणजे जपानच्या आयबानेझ कंपनीच्या नावाने विकले जाणारे ट्यूब स्क्रीमर. ते मॅक्सन या दुसऱ्या जपानी कंपनीने बनविले. टीएस ८०८ हा नमुना १९७९ च्या सुमारास आला, टीएस ९ हा १९८२ मध्ये. त्याच्या आत आवाज वाढविणारी एक चिप आहे. ती किती पटींनी वाढवील हे मुख्यतः काही रोधकांवर ठरते: एका बाजूला ५१ हजार ओहमचा रोधक व त्याच्या जोडीला ड्राइव्हचे बटण, दुसऱ्या बाजूला ४,७०० ओहमचा रोधक. या दुसऱ्याच्या ओळीत ०.०४७ मायक्रोफॅरडचा एक चिमुकला कपॅसिटर आहे, आणि सगळी करामत त्याची. खर्जाच्या स्वरांना तो दार उघडत नाही. विज्ञान शाखेच्या एका मित्राबरोबर बसून मी हिशेब मांडला. ड्राइव्ह शून्यावर असताना उंच स्वर सुमारे बारा पट वाढतात, ७२० हर्ट्झचे स्वर सुमारे आठ पट, आणि जाड तारेचा ८२ हर्ट्झचा मूळ स्वर मात्र जेमतेम पावणेदोन पट. त्यानंतर 'टोन'चे मंडल अतिउंच स्वरांना लगाम घालते. उरतो तो मधला पट्टा, आणि तोच जोमाने अ‍ॅम्प्लिफायरच्या पहिल्या व्हॉल्व्हवर जाऊन आदळतो. यापुढचे फाडण्याचे काम व्हॉल्व्हने करावयाचे. ते त्याला अधिक चांगले जमते. चिपच्या जोडीला दोन डायोड आहेत. ड्राइव्ह शून्यावर असले तरी जोराच्या आघाताची टोके ते गोल करतात, त्यामुळे हलका आणि जड आघात यांतील अंतर थोडे कमी होते. हा वरचा नफा.

ही युक्ती ट्यूब स्क्रीमरहून जुनी आहे. १९६० च्या दशकात लंडनच्या डॅलस कंपनीने रेंजमास्टर नावाची पेटी काढली. तिच्यात एकच जर्मेनियम ट्रान्झिस्टर, आणि काम एवढेच की तार स्वर वाढवून अ‍ॅम्प्लिफायरला देणे. बर्मिंगहॅमच्या टोनी आयोमी याने ती लेनी कंपनीच्या अ‍ॅम्प्लिफायरसमोर लावली, आणि १९७० साली आलेल्या ब्लॅक सॅबथच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेपासून मेटलचा इतिहास मोजण्याची प्रथा आहे. आयोमी कामगार वस्तीतला मुलगा. पत्र्याच्या कारखान्यात काम करीत असता सतराव्या वर्षी यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके तुटली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबावयाचा हात नेमका तोच. त्याने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणे केली, बारीक तारा लावल्या, आणि पुढे १९७१ च्या 'मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी'मधील काही गाण्यांसाठी तारा तीन अर्धस्वरांनी उतरवल्या. जाड तार ८२ वरून ६९ कंपनांवर आली. त्याच्यामागून येणाऱ्यांनी ती आणखी उतरवली. आज सात तारांच्या गिटारची शेवटची तार सुमारे ६२ कंपनांची असते. तार जितकी खाली, तितकी दळणापूर्वीची पाखडणी अधिक कडक हवी, हे आता वेगळे सांगावयास नको.

प्रत्यक्षात जुळणी कशी करावी? प्रथम पेडल बंद ठेवून अ‍ॅम्प्लिफायर लावावा आणि त्याचे गेनचे बटण आपल्याला हवे वाटते त्याहून थोडे मागे आणावे. मग पेडल चालू करून ड्राइव्ह शून्यावर, टोन मध्यावर, लेव्हल जवळजवळ पूर्ण. आता तळवा टेकवून जाड तारेवर तुटक आघात करावेत. ठोका सुटा येत असेल तर बरोबर. उरलेली उणीव, म्हणजे छातीत भरणारा खर्ज, अ‍ॅम्प्लिफायरच्या खर्जाच्या बटणाने परत द्यावी. फाटून झाल्यावर दिलेला खर्ज काही बिघडवीत नाही. बॉस कंपनीचे १९८१ चे एसडी १ हे पेडलही याच कामी येते. झॅक वाइल्डसारखा वादक जेसीएम ८०० समोर तेच वापरीत आला आहे, आणि ते तुलनेने स्वस्त असते, ही आमच्यासारख्यांच्या दृष्टीने फारच महत्त्वाची बाब.

खोलीत एकट्याने वाजविताना हा आवाज थोडा रोडका, नाकातला वाटतो. तेवढ्यावरून निर्णय करू नये. बास गिटार आणि ड्रमचा मोठा पडघम यांनी खालची जागा आधीच अडविलेली असते. खोलीत भरदार वाटणारी गिटार सभागृहात त्यांच्याखाली गाडली जाते आणि मागच्या रांगेला केवळ घरघर पोहोचते. अशी गिटार ऐकून जो 'गोंगाट' म्हणतो, त्याला मी दोष देणार नाही.

तोटाही आहे. पेडल स्वराबरोबर तारांतली गुणगुण आणि फुसफुसही वाढविते, म्हणून वादन थांबताच आवाज तोडणारे नॉइझ गेट नावाचे आणखी एक यंत्र पुष्कळांना घ्यावे लागते. सभागृहाचे अर्थिंग खराब असेल तर वीजपुरवठ्याची ५० हर्ट्झची घरघर गिटारच्या आधी रंगमंचावर हजर असते. ती घालविण्यासाठी प्लगची तिसरी पिन काढून टाकण्याचा एक घातकी प्रघात आहे. तो कोणीही पाळू नये. व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरचे झाकणही हौसेने उघडू नये. आत शेकडो व्होल्टचा दाब असतो आणि वायर काढल्यावरही तो कपॅसिटरमध्ये काही काळ दबा धरून राहतो. पेडलाची तशी भीती नाही. ते ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालते. बॅटरी काढून बुडाचे स्क्रू सोडविले की तो ५१ हजार ओहमचा रोधक हिरव्या, तपकिरी आणि नारिंगी पट्ट्यांवरून कोणालाही ओळखता येतो.