वही कशी निवडावी? समर्थांकडून शिकूया

आजचा समास : दासबोध, दशक १९, समास १, लेखनक्रिया निरूपण.

मित्रांनो, दासबोधात अध्यात्म असणार हे आपण धरूनच चालतो. पण या समासात समर्थ चक्क स्टेशनरीबद्दल बोलतात. अक्षर कसं काढावं, ओळींमधलं अंतर कसं सारखं ठेवावं, बरू कसे निवडावेत, लिहिलेलं मेणकापडात, पेटीत कसं जपावं, सगळं आहे. हाताने नक्कल केल्याशिवाय ग्रंथ टिकतच नव्हता, तो हा काळ. त्यामुळे लिहिणं हीसुद्धा साधनाच.

आपल्यापैकी बरेच जण रोजच्या चिंतनासाठी किंवा नामलेखनासाठी वही घेतात. ती घेताना या समासातल्या दोन सूचना फार कामाच्या आहेत.

पहिली : फार बारीक लिहू नका. तरुणपणी ते वाचता येईल, म्हातारपणी नाही. म्हणून मध्यम अक्षर. आता वहीचा आकार यावरूनच ठरवा. ए६ वही (१०५ × १४८ मिमी) खिशात मावते, पण ओळ छोटी पडते आणि अक्षर आपोआप आक्रसतं. ए४ (२१० × २९७ मिमी) घरच्या पाठासाठी छान, पण लोकलमध्ये किंवा बसमध्ये उघडायची पंचाईत. ए४ मधोमध दुमडला की ए५ होतो (१४८ × २१० मिमी). रोजच्या चिंतनाला हाच बरा. पिशवीत बसतो आणि अक्षरही मोकळं येतं.

दुसरी : चारी बाजूंनी जागा सोडा. कागद झडला तरी कडाच झडाव्यात, अक्षराला धक्का लागू नये. हे मला आष्टीच्या घरातल्या आजोबांच्या भजनाच्या वहीत दिसतं. पानांचे कोपरे कधीच गेलेत, पण समास सोडून लिहिल्यामुळे एकही अभंग तुटलेला नाही. आजही एकादशीला तीच वही निघते. आपल्या भाषेत सांगायचं तर, फेल होणार हे गृहीत धरूनच डिझाइन केलंय!

आता कागद. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममध्ये वजन. बॉलपेनला ६०–७० पुरतं. शाईचं पेन असेल तर ८० किंवा जास्त बघा. पण नुसत्या आकड्यावर जाऊ नका. शाई फुटते की नाही हे कागदाला दिलेल्या खळीवरही अवलंबून असतं. म्हणून दुकानदाराला विचारून शेवटच्या पानावर आपल्याच पेनाने दोन शब्द लिहा आणि पान उलटून बघा. बांधणी शिलाईची घ्या. वही सपाट उघडते आणि पानं सुटत नाहीत.

मोठं माध्यम वाईट असतं असं नाही हं. आमच्याच बीड जिल्ह्यात, अंबाजोगाईला, दासोपंतांनी (१५५१–१६१५) पंचीकरणावर लिहिलं ते सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद कापडावर. तीच प्रसिद्ध पासोडी. ती पिशवीत घालून फिरायची गोष्ट नव्हेच. काम जसं, तसा आकार.

कुणी म्हणेल, फोनमध्ये नोट्स आहेत की. आहेत, आणि शोधायला त्या सोप्याच. पण तुमचा पासवर्ड तुमच्या नातवंडांना माहीत असेल का? वही कपाटात सापडते. ती उघडणाऱ्याला तुमचं अक्षर दिसतं, तुम्ही कुठे अडलात, कुठे खाडाखोड केलीत तेही दिसतं. समर्थांनी लिहिण्याची एवढी काळजी घ्यायला सांगितली, ती पुढच्या वाचणाऱ्यासाठी.

मात्र भारी वही आणून ती कोरी ठेवण्यापेक्षा साधी वही रोज भरलेली कधीही चांगली.

आजचा अभ्यास : हा समास सावकाश वाचा. मग हाताशी असलेल्या वहीत चारी बाजूंनी बोटभर जागा सोडून, तुम्हाला भावलेली एकच ओवी मध्यम अक्षरात लिहा. उद्या पुढची.

जय जय रघुवीर समर्थ!