भेग बुजवण्याआधी तिच्याकडे नीट बघ

अगं, तू पाठवलेले फोटो मोठे करून करून पाहिले. हॉलच्या भिंतीवर बीमखाली आडवी गेलेली, खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली आणि बेडरूमच्या छतावरची, अशा तीन भेगा. रंगारी म्हणतोय, पुट्टी मारून एका दिवसात साफ करून देतो. त्याला जरा थांबायला सांग. तो तुला फसवत नाहीये. पण त्याचं काम भिंत गुळगुळीत करण्याचं आहे. भेग का पडली हे शोधायचं काम ज्याचं घर त्याचं. तुझ्या तिन्ही भेगांची कारणं वेगळी आहेत, त्यामुळे तिन्हींवर एकच औषध चालणार नाही.

आधी घाबरणं सोड. घर बांधून झालं तरी ते थोडंथोडं हलतच असतं. उन्हानं काँक्रीट आणि विटा पसरतात, रात्री आकसतात. गिलाव्यात सिमेंट जास्त पडलं किंवा त्यावर पुरेसं पाणी मारलं नाही की सुकताना जाळीसारख्या बारीक चिरा उमटतात. त्या गिलाव्यापुरत्याच असतात, भिंतीला त्यानं काही होत नाही. प्रश्न असतो तो रुंद, वाढत्या आणि ओल्या भेगांचा.

रुंदी मोजायला तुझं एटीएम कार्ड पुरेल. त्याची जाडी पाऊण मिलिमीटरच्या किंचित वर असते. देशाच्या मानक संस्थेनं १९८४ साली इमारतींच्या भेगांवर हस्तपुस्तिका काढली, एसपी २५ नावाची. तिच्यात १ मिलिमीटरच्या आतली भेग बारीक, १ ते २ मिलिमीटरची मध्यम आणि २ च्या वरची रुंद मानली आहे. कार्ड सैल आत-बाहेर होत असेल, तर भेग बारीक राहिलेली नाही असं समज.

ती वाढतेय का, हे पेन्सिल सांगेल. भेगेच्या दोन्ही टोकांशी आडवी रेघ मार आणि शेजारी तारीख लिही. काही आठवड्यांनी टोक रेघेच्या पुढे गेलेलं दिसलं, तर ती चालू भेग. जुने इंजिनिअर भेगेवर काचेची बारीक पट्टी दोन्ही बाजूंनी प्लास्टर ऑफ पॅरिसनं चिकटवून ठेवतात. भिंत हलली की काच तडकते. चालू भेगेत काहीही भरलंस तरी ती पुन्हा उघडणार, हे पक्कं लक्षात ठेव.

ओल तपासायची तर फूटभर पारदर्शक प्लॅस्टिक चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून भिंतीवर बसव. दुसऱ्या दिवशी प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला पाण्याचे थेंब दिसले, तर भिंत अजून सुकलेली नाही. दिवाळीच्या घाईत ओल्या भिंतीवर पुट्टी लावतात आणि संक्रांतीपर्यंत पोपडे सुटतात. तसं होऊ देऊ नकोस.

आता तुझी हॉलमधली भेग. बीम काँक्रीटचा आणि खालची भिंत विटांची. तापल्यावर दोन्ही सारख्या प्रमाणात पसरत नाहीत, म्हणून सांधा उघडतो. धोका काही नाही, पण नुसती पुट्टी भरलीस तर पुढच्या उन्हाळ्यात रेघ पुन्हा त्याच जागी येईल. मिस्त्रीला सांग, सांध्याच्या वर-खाली सहा-सहा इंच गिलावा काढायचा, त्यावर चिकन मेश ताणून खिळ्यांनी ठोकायची आणि मग नवा गिलावा करायचा. गिलाव्यावर निदान सात दिवस पाणी मारलं जातंय ना, ते तू स्वतः बघ. तिथंच काम बिघडतं.

खिडकीच्या कोपऱ्यातली भेग तू स्वतः भरू शकतेस. भिंतीत जिथं चौकट बसते तिथं कोपऱ्यांवर ताण येतो, म्हणून ती तिरकी निघते. फक्त आधी बाहेरच्या बाजूनं बघ. तिथंही भेग असेल तर पावसाचं पाणी आत येतंय, म्हणजे बाहेरची दुरुस्ती आधी. बाहेरून भिंत शाबूत असेल तर कामाला लाग. छोट्या छिन्नीनं भेग व्ही आकारात चार-पाच मिलिमीटर रुंद आणि तितकीच खोल कर. बुजवायची भेग मोठी करताना हात कचरतो, पण तसं केलं नाही तर फिलर आत जातच नाही, वर नुसती पातळ साय राहते आणि ती सुटून येते. कोरड्या ब्रशनं धूळ पूर्ण काढ. तयार मिळणारा ॲक्रिलिक क्रॅक फिलर पत्र्यानं आत दाबून भर. खोल असेल तर एकदम थापू नकोस, थर सुकू दे, मग दुसरा दे. वरून जाळीची टेप लाव, तिच्यावर पुट्टीचा पातळ हात, मग पॉलिश पेपर, प्रायमर आणि शेवटी रंग.

घासताना नाकाला मास्क लाव आणि बाळाला त्या खोलीत आणूच नकोस. घरगुती रंगांमधल्या शिशावर आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून कडक मर्यादा आली. तुझी इमारत त्याआधीची, म्हणजे खालच्या जुन्या थरांत शिसं असू शकतं आणि लहान मुलांच्या मेंदूला ते घातक असतं. जुना रंग पाण्यानं भिजवून घास आणि नंतर फरशी झाडण्याऐवजी ओल्या फडक्यानं पूस.

छताच्या भेगेची मात्र मला खरी काळजी वाटते. फोटोत ती सरळ रेषेत आहे, बाजूला तपकिरी डाग आहे आणि थोडा भाग फुगल्यासारखा दिसतो. स्लॅबच्या आत सळया असतात. वरून पाणी झिरपत राहिलं की त्या गंजतात. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा घेतो आणि आतून काँक्रीटला ढकलतो. म्हणून अशी भेग सळईच्या रेषेतच पडते. माठ घेताना आपण टिचकी मारून पाहतो तसं लांब काठीच्या टोकानं छतावर हलकेच ठोकून बघ, स्वतः मात्र बाजूला उभी राहून. खणखणीत आवाज आला तर बरं. बद्द आवाज आला तर तिथलं काँक्रीट सुटलेलं आहे. तसं असेल तर बाळाचा पाळणा आणि तुमचा पलंग आजच तिथून हलव.

तिथं पुट्टीचा उपयोग नाही. सुटलेलं काँक्रीट काढून सळई उघडी करावी लागते, तारेच्या ब्रशनं गंज खरवडावा लागतो, गंजरोधक लेप द्यावा लागतो, मग बाँडिंग कोट आणि त्यावर पॉलिमर मॉर्टर. सळई फार झिजली असेल तर जोडीला नवी सळई बांधतात, आणि गरज असेल तर काम होईपर्यंत खालून टेकू देतात. हे सगळं स्ट्रक्चरल इंजिनिअरनं पाहून सांगितल्यावरच. आणि हो, त्याआधी गळती बंद झाली पाहिजे. वरच्या घरातल्या बाथरूमखाली ही भेग असेल तर त्यांच्याशी गोडीनं बोल, त्यांना खाली बोलावून छत दाखव. आरोप न करता दाखवलं की माणसं लवकर ऐकतात. कुणी फॉल्स सीलिंग करून झाकायचा सल्ला दिला तर साफ नाही म्हण. झाकलेला गंज थांबत नाही, उलट तुला तो दिसेनासा होतो.

परभणीच्या सासरच्या घराचंही विचारलं होतंस. तिथली गोष्ट वेगळी, कारण ते घर काळ्या मातीवर आहे. ती माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, म्हणून भिंतीची भेग मे महिन्यात उघडते आणि श्रावणात मिटते. ती मिटलेली पाहून भरू नका. आधी घराभोवती उतार देऊन पक्की फरसबंदी करून घ्या, पन्हळीचं आणि मोरीचं पाणी पायापासून लांब न्या, भिंतीलगत मोठं झाड लावू नका. पायाजवळची ओल वर्षभर सारखी राहिली की भेगेचं उघडणं-मिटणं कमी होतं. मग भरलेलं टिकतं.

आणखी काही खुणा सांगून ठेवते. कॉलमवर उभी भेग, विटांच्या सांध्यांतून पायऱ्यापायऱ्यांनी आरपार गेलेली भेग, किंवा नीट लागणारं दार एकाएकी चौकटीला घासू लागणं. यातलं काहीही दिसलं तर मिस्त्रीकडे नाही, थेट इंजिनिअरकडे जायचं.

पैशांची ओढाताण मला माहीत आहे. कर्जाचे हप्ते चालू असताना हा खर्च जिवावर येतो. म्हणून क्रम ठरव: आधी गळती, मग सळई, मग गिलावा, रंग सगळ्यात शेवटी. आणि सगळा भार एकटीनं उचलू नकोस. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार इमारतीची संरचनात्मक दुरुस्ती आणि गच्चीतून होणारी गळती ही सोसायटीची जबाबदारी आहे. गच्चीच्या गळतीनं सर्वात वरच्या मजल्याचं छत खराब झालं, तर तेही सोसायटीनंच दुरुस्त करायचं असतं. इमारत १५ ते ३० वर्षांची असेल तर पाच वर्षांतून एकदा आणि त्याहून जुनी असेल तर तीन वर्षांतून एकदा स्ट्रक्चरल ऑडिट करून घ्यायला हवं.

तेव्हा फोटो आणि तारखा जोडून सेक्रेटरींना लेखी अर्ज दे आणि त्याची पोच घे. सर्वसाधारण सभेला तू स्वतः जा. नवीन आहोत, भाडेकरूंसारखं गप्प बसावं, असं मनात आणू नकोस. तुझ्या छतातली सळई गंजली असेल तर त्याच गच्चीखालच्या इतर घरांतही तपासायला हवी, हे उभं राहून सांग. ऑडिट मागणं म्हणजे भांडण काढणं नव्हे. त्या इमारतीत झोपणाऱ्या प्रत्येक मुलासाठी तू ते मागते आहेस.

तुझी ताई