गळ तुझ्याच हातात राहू दे

अगं बाय, हिमाचलातल्या तीर्थन नदीच्या खोऱ्यात ट्राउट धरायला जायचं मनात आहे आणि घरात सांगायला कचरतेस, हे मला पटत नाही. आपल्या खाडीकाठच्या बाळकुमच्या घरांत बायका मासळीची पाटी घेऊन बाजारात बसल्या, भाव ठरवले, पोरांची शिक्षणं केली. पाण्यात उतरायचं म्हटलं की मात्र जाळं पुरुषाचं आणि गळही पुरुषाचा. कुणी ठरवलं हे? तू जा. फक्त आधी माझं ऐकून घे.

गाइड नीट निवड. ‘मासा हमखास लागेल’ म्हणणाऱ्याकडे जाऊ नकोस. आपण पैसे देतो ते त्याच्या नजरेचे. कुठल्या धोंड्यामागे पाणी मंदावतं, तिथे ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून कशी दबा धरते, आणि मुख्य म्हणजे तुला पाण्याबाहेर कधी काढायचं, हे त्याला कळायला हवं. फोनवरच विचार: एका गाइडमागे माणसं किती? गळ टाकायला शिकवणार, की काठावर उभं करून सोडणार? हिमाचलच्या मत्स्य विभागाचा परवाना कुणाच्या नावाचा? तुझ्या नावाचा काढून घे आणि जवळ ठेव. ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यानाच्या आत नेतो म्हणाला, तर तिथेच नाही म्हण.

आता पाण्याचं. आपल्या खाडीला तिथी कळते. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीला भांग, हे तुला लहानपणापासून ठाऊक आहे. डोंगरातल्या नदीला असलं पंचांग नसतं. बर्फ वितळलं की दुपारनंतर पाणी चढतं, वर कुठे पाऊस कोसळला तर खाली ऊन असतानाच लोंढा येतो. तीर्थन लारजीला बियासला मिळते. तिथून थोडं खाली, थलौटजवळ, 8 जून 2014 ला हैदराबादचे इंजिनिअरिंगचे विद्यार्थी नदीतल्या खडकांवर फोटो काढत होते. लारजी धरणातून पाणी सुटलं आणि 24 मुलं-मुली वाहून गेली. तू धरणाच्या वरच्या अंगाला असशील, तरी हे विसरू नकोस. पाणी गढूळ व्हायला लागलं, काटक्या-पाला वाहत यायला लागला, की गळ गुंडाळायचा. जुलै-ऑगस्टमध्ये तर जाऊच नकोस.

हे कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगते. पाण्यात उभं राहायचा तो छातीपर्यंतचा रबरी पोशाख घालायला आणि काढायला वेळ लागतो. म्हणून बायका पाणीच पीत नाहीत आणि संध्याकाळी डोकं धरून बसतात. तसं करू नकोस, पाणी पी आणि मध्ये बाहेर यायचं आहे असं गाइडला सकाळीच सांग. पाळीच्या तारखा बघून जा. आलीच तर कप वापर, नाहीतर त्या दिवशी काठावरून गळ टाक. यात लाजायचं काही नाही. राहायला कुटुंबाचं घर बघ, घरात बाई आहे ना ते विचार. बंजार गावाच्या पुढे फोन लागेलच असं नाही, म्हणून कुठे जाणार, कधी परतणार ते तिथल्या घरात सांगून निघ.

आणि मासा. तीर्थनची तपकिरी ट्राउट मूळची तिथली नव्हे, ब्रिटिशांनी आणून सोडलेली. तिच्या नात्यातली रेनबो ट्राउट तिथे तळ्यांत पाळतात. अमेरिका-कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या नद्यांत हीच रेनबो समुद्रात जाऊन वाढते, अंडी घालायला नदीत परतते आणि स्टीलहेड म्हणून ओळखली जाते. बहुतेक सॅमन अंडी घातल्यावर मरतात, स्टीलहेड मात्र जगून पुन्हा समुद्रात जाऊ शकते. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात रानटी स्टीलहेड धरली की सोडावीच लागते, आणि तिथल्या नद्यांत गळाला उलटा काटाही ठेवू देत नाहीत.

तूही तसंच कर. पकडीने गळाचा उलटा काटा दाबून टाक. माशाला हात लावण्याआधी हात ओले कर, कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि त्याला रोग लागू शकतो. तापल्या दगडावर ठेवू नकोस. फोटो हवाच तर मासा पाण्यावर क्षणभर उचल, लगेच खाली घे. खायची इच्छा झाली तर पाळलेली रेनबो विकत घे, चुलीवर छान होते. आपल्या खाडीतही हेच लक्षात ठेव. जिताडा आधी नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो. भलामोठा जिताडा मारला की अंडी देणारी मादीच गेली.

आपल्याकडे 1 जून ते 31 जुलै समुद्रात यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते, तशी तिकडे ट्राउटला नोव्हेंबर ते फेब्रुवारी. तो तिचा विणीचा काळ. मार्चमध्ये हंगाम उघडतो. सुट्टीचा अर्ज या आठवड्यात टाक, आणि आईला आज रात्री जेवताना सांग. ती नाही म्हणाली तर मला फोन लाव.